आठ नंबरची मोटर

स्नेहलच्या टेबलावर तीन दिवे मांडले होते आणि तिसराच दिवा तीनदा पेटला. तेवढ्यावरून मुस्कान घाबरली.

आता दिवा पेटला यात भिण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. स्नेहलही तेच म्हणाली. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं पाच माणसांचं ऑफिस. कारखान्यांना, दुकानांना प्रोग्रॅम लिहून द्यायचं काम. सोमवार होता, सकाळचे नऊ पन्नास झाले होते. स्नेहलला एका शोरूमचे दिवे एकामागून एक लावायचे होते, म्हणून तिनं मुस्काननं गेल्या आठवड्यात लिहिलेली मेथड, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, जशीच्या तशी उचलली होती.

"बघ की गं, पहिला लाव म्हटलं तरी तिसरा, दुसरा लाव म्हटलं तरी तिसराच. भूतबीत शिरलंय काय तुझ्या कोडात?"

मुस्कान हसत हसत उठली. स्नेहलच्या खांद्यावरून वाकून तिनं स्वतःच लिहिलेल्या सहा ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. दुसऱ्यांदा वाचताना तिच्या कानात नुसता घूं आवाज भरला, कारण ह्याच सहा ओळी काल संध्याकाळी तिनं शिरोळला नदीकाठच्या मोटरघरातल्या, मोटरी चालू-बंद करणाऱ्या पेटीत चढवल्या होत्या. आणि त्या मोटरघरात, ह्या घडीला, तिचे अब्बा आठ नंबरच्या मोटरीपाशी बसले होते.

अब्बा म्हणजे नबीलाल वायरमन. शिरोळच्या त्या शिवारात मोटर बंद पडली की लोक आधी त्याला हाक मारतात आणि मग मोटरीला शिव्या देतात. माणूस बुटका, बोलायला मवाळ, हाताला कायम ऑईलचा वास. नदीचं पाणी उचलून शेताला देणारी गावची पाणीपुरवठा संस्था आहे, तिच्या आठ मोटरी तीस वर्षं त्यानंच सांभाळल्या. आणि त्या तीस वर्षांत त्याची एक रीत कधी मोडली नाही. मोटरीला हात लावायच्या आधी तो तिचे चिनी मातीचे तिन्ही फ्यूज उपसून विजारीच्या खिशात टाकायचा. फ्यूज माझ्या खिशात, तर लाईट कुणाच्या बापाची आत शिरते, असं त्याचं साधं म्हणणं. काम झालं की खिशातून काढून परत बसवायचे.

ह्या रितीनंच एकदा त्याचं हसं झालं. दीड वर्षापूर्वी हुपरीला भाच्याचं लग्न होतं. नबीलालनं घाईत काम आटोपलं, मोटरघराला कुलूप घातलं आणि फ्यूज खिशात तसेच घेऊन गडी गेला वऱ्हाडात. दोन दिवस अर्ध्या शिवाराला पाणी नाही. परत आला तेव्हा संस्थेचे चेअरमन अमरसिंह चौकातच उभे होते. "नबीलाल, पाणी काय तुझ्या विजारीच्या खिशात वाहतंय व्हय?" म्हणाले. सगळा चौक हसला, नबीलालही कसनुसं हसला. मुस्कान नेमकी शनिवारची घरी आलेली, एसटीतून उतरत होती. बापाचं ते हसणं तिनं बघितलं आणि तिला असं लागलं, असं लागलं की जेवण गेलं नाही.

त्या रागातून तिनं पेटी केली. मोटरघरात एक छोटा संगणक, त्यात तिचा प्रोग्रॅम, मोबाईलवरून मोटर बंद आणि चालू. प्रत्येक मोटर म्हणजे प्रोग्रॅममधली एक वस्तू, आणि त्या वस्तूला 'थांबव' म्हटलं की ती मोटर थांबवायची आणि हातात एक फंक्शन, म्हणजे पुढं चालवायचा एक हुकूम, द्यायची. त्या फंक्शनला नाव नाही. मोटर पुन्हा सुरू करायची तर तेच चालवायचं, दुसरा मार्ग नाही.

"नाव का न्हाय गं त्याला?" नबीलालनं विचारलं होतं. चटईवर बसून भाकरी मोडत होता.

"नाव असलं की कुणीबी हाक मारतंय अब्बा. बिननावाचं असलं की ज्याच्या हातात दिलं त्यालाच वापरता येतं. तुमच्या मोबाईलमदी र्‍हाईल, तुमी बटण दाबल्याबिगार मोटर हलायची न्हाय."

"आणि त्याला कळतं कसं, कुठली मोटर त्ये?"

"जिथं जन्मलं तिथलं सगळं त्ये खिशात घेऊनच येतंय."

"म्हंजे माझ्यागत की!" नबीलाल खूश झाला.

"तुमच्यागत न्हाय. तुमी त्ये फ्यूज काढायचं आता बंद करायचं. लोक हसत्यात. माझ्या डोक्यावर हात ठेवा आणि माझी कसम घ्या."

नबीलालचा हात भाकरीवरच थांबला होता. मग त्यानं तो पुसला, लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "घेतली." मुस्काननं दुसऱ्या दिवशी मोटरघराच्या भिंतीवर पाटी लावली: फ्यूज काढू नयेत. कुलूप मोबाईलवर आहे.

आठ महिने ते सुरळीत चाललं. मग संस्थेनं सांगितलं, आठही मोटरी एकमेकींना जोडा. लाईट आली की आपोआप एकामागून एक सुरू झाल्या पाहिजेत, मधे एकेक मिनिट सोडून, म्हणजे डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर एकदम भार नको. मुस्काननं पुन्हा लिहिलं. ह्या वेळी आठही मोटरींवरून फेरी मारणारी एकच मेथड केली; ती बिननावाच्या फंक्शनांची यादी हातात द्यायची. जी मोटर दुरुस्तीला आहे तिचं फंक्शन यादीत घालायचंच नाही. किल्लीच यादीत नाही तर कुलूप उघडणार कसं? ह्या भरवशावर तिनं पुढं दुसरी तपासणीच ठेवली नाही. टेबलावर एक दिवा लावून बघितला, पेटला. एकच दिवा. दुसरा लावून बघायला कुणाची मनाई होती? पण रविवार होता, गावाकडं जायचं होतं, आणि काम झाल्यासारखं वाटत होतं.

आता स्नेहलच्या तीन दिव्यांनी सगळं उघडं पाडलं. पहिल्या वेळी प्रत्येक मोटर आपलं फंक्शन स्वतः देत होती, म्हणून त्याच्या खिशात तीच मोटर होती. ह्या वेळी फेरीत जन्मलेल्या फंक्शनांच्या खिशात मोटर नव्हतीच. सगळ्यांच्या खिशात संगणकातल्या एकाच पाटीचा पत्ता होता. चालायची वेळ आली की तिथं जाऊन बघायचं, काय लिहिलंय. फेरी पुढं जाईल तसा पाटीवरचा आकडा पुसून नवा लिहिला जात होता. आणि शेवटी लिहिलेला आकडा होता आठ. दुरुस्तीला म्हणून वगळलेला, यादीत नसलेला आठ.

शेतीची लाईट येणार साडेदहाला. त्यानंतर सातही फंक्शनं आपापली मोटर सुरू करायला जाणार होती, आणि सातही जण आठ नंबरच सुरू करणार होते.

"मुस्कान, काय झालं? पांढरी पडलीस," स्नेहल म्हणाली.

मुस्काननं आपला लॅपटॉप ओढला. तिनं पेटीशी जोडायचा प्रयत्न केला. संपर्क नाही. लाईट गेली की नदीकाठचा मोबाईलचा टॉवरही जातो, हे तिला पाठ होतं. लाईट आली की टॉवर येणार, आणि लाईट आल्या आल्या पेटी पहिलं फंक्शन चालवणार. तिला हात घालायला मधे जागाच नव्हती. अब्बांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. चेअरमनांचा फोन बंद. सबस्टेशनचा नंबर एंगेज, परत एंगेज, परत एंगेज. घड्याळात नऊ अठ्ठावन्न.

काल रात्री जेवताना अब्बा म्हणाले होते, "आठ नंबरची ग्लँड दोरी गेलीया, शाफ्टापासनं पाणी गळतंय. उद्या सकाळच्याला लाईट याच्या आत बदलून टाकतो." आणि तिच्यासमोरच मोबाईलवर आठ नंबरला कुलूप घातलं होतं. तिनं कौतुकानं बघितलं होतं. दोरी बदलायची म्हणजे शाफ्टाच्या कडेनं बोटं आत घालून जुनी दोरी उकरून काढायची. ती बोटं तिला दिसायला लागली.

गावात अम्मीचा फोन लागला. गावचा टॉवर वेगळा.

"अम्मी, अब्बांकडं जा. आत्ताच्या आत्ता. मोटरीवरनं उठा म्हणावं. साडेधाला आठ नंबर सुरू व्हणार हाय."

"कुलूप घातलंय न्हवं त्यांनी?" मदिना म्हणाली. हातात काहीतरी शिवणकाम असावं, तिच्या बोलण्यात दोरा दातानं तोडल्याचा आवाज आला. "मी हितं त्यांचा खिसा शिवतीया. दर दोन म्हयन्याला फाटतोय. पान्हं भरत्यात का दगडं भरत्यात, अल्लाला ठावं."

"अम्मी! माझं चुकलंय. कुलूप लागलंच न्हाई. पळ तू!"

पलीकडं ती झटक्यात उठल्याचा आवाज आला. मग मदिनाचा आवाज बदलला. "शेजारचा संग्राम गाडी घेऊन जयसिंगपूरला गेलाय. कुनी न्हाय गं गल्लीत. मी निघाले."

गावापासून मोटरघर अडीच किलोमीटर, उसातून पाटाच्या कडेनं वाट. मदिनाचा गुडघा चार वर्षांपासून दुखतो; जिना चढताना ती कठड्याला धरते. मुस्काननं स्कूटीची किल्ली घेतली. शिरोळ पंचेचाळीस किलोमीटर, काही झालं तरी ती साडेदहाच्या आत पोचणार नव्हती, आणि हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण त्या खुर्चीत बसून घड्याळ बघणं तिच्यानं होईना.

कानात हेडफोन, फोन चालू. रस्ताभर तिला अम्मीचा श्वास ऐकू येत होता. धापा, चपलांचा फटफट आवाज, मधेच "या अल्ला, या अल्ला". मुस्कान सांगत होती, "चपला टाक अम्मी, अनवाणी पळ." चपलांचा आवाज थांबला. दहा बारा. दहा अठरा. "कुठवर आलीस?" "देवळाच्या... म्होरं... आले." निम्मी वाट झाली होती. मग श्वास एकदम कापला गेला. फोन तुटला नव्हता, टॉवर संपला होता.

त्या शांततेला मुस्कान जेवढी भ्याली तेवढी ती आयुष्यात कधी भ्याली नव्हती. हातकणंगल्याच्या पुढं तिनं गाडी कडेला घेतली, कारण समोरचा ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन दोन दिसत होता. दहा एकोणतीस. पलीकडं रसवंतीवाला ग्लास विसळत होता. त्यानं विचारलं, "ताई, बरं वाटंना काय?" तिनं मान हलवली, पण हो म्हणाली की नाही हे तिचं तिलाच कळलं नाही.

दहा एकतीस. फोन थरथरला. टॉवर आला होता आणि पेटीनं तिला, मालकिणीला, इमानदारीत कळवलं होतं: मोटर आठ, सुरू.

तिनं अब्बांना फोन लावला. आता रिंग गेली. वाजून वाजून बंद झाली. दहा बत्तीस: मोटर आठ, सुरू. अम्मीचा फोन बंद. दहा तेहेतीस: मोटर आठ, सुरू. परत अब्बा, परत नुसती रिंग. पेटी फक्त हुकूम दिल्याचं सांगते, मोटर खरंच फिरली का ते तिला कळत नाही, एवढा एक धागा धरून मुस्कान उभी होती. पण मोटर फिरली नसेल तर का नसेल, ह्याचं एकही कारण तिला सापडेना. फ्यूज होते जागेवर. तिनंच कसम घातली होती. तिनंच पाटी लावली होती. सात निरोप आले, दहा सदतीसपर्यंत. सातवा येऊन गेल्यावर फोन गप्प झाला.

पुढचा पाऊण तास तिनं गाडी कशी चालवली ते तिला आजही सांगता येत नाही. जयसिंगपुरात कुणीतरी तिला शिवी दिली एवढं आठवतं. गाव आलं, गल्ली आली, घराचं दार सताड उघडं, उंबऱ्यात सुई-दोऱ्यासकट अब्बांची विजार पडलेली. तिनं गाडी थांबवली नाही. उसातल्या वाटेला लागली. पाटाच्या कडेला आधी अम्मीची एक चप्पल दिसली, बऱ्याच पुढं दुसरी. मग वळणावर, बांधावर, अम्मी. पाय पसरून बसलेली, पदर तोंडावर, खांदे हलत होते. एकटी.

मुस्काननं गाडी तशीच आडवी टाकली. "अम्मी," म्हणाली, आणि पुढचं विचारायची तिची छातीच झाली नाही.

"आता फोन बी गेला बघ माझा," मदिना पदराआडून रडत म्हणाली. "लाईट आलेली दिसली, मोटरघरावरचा दिवा लागला, आणि माझं पायच गेलं. पडले ती पाटात. गुडघा गेला, फोन गेला."

"अब्बा?"

बांधाच्या पलीकडून पाण्याचा आवाज आला. नबीलाल पाटात गुडघाभर उभा होता, वाकून गाळात फोन चाचपत होता. लेकीला बघून तो सरळ झाला. मुस्काननं त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही, हातांकडं बघितलं. दोन्ही हात होते. गाळानं माखलेली दहाही बोटं होती. तिनं ती खरोखर मोजली.

"अगं, तू कशी हितं? कामावर गेलीवतीस न्हवं?" नबीलाल गोंधळून म्हणाला. "हिनं वरडून शिवार डोक्यावर घेतलं. मी तसाच धावलो, फोनची पिशवी तिथंच खुंटीला. हिला उचलवंना, सोडवंना. हिथंच बसलोय कवापासनं."

"आठ नंबर सुरू झाली, अब्बा," मुस्कान म्हणाली. "सातदा. माझ्या चुकीनं. तुमचा हात आत हुता."

"हुता की." नबीलाल म्हणाला, आणि मग तो चोरी पकडल्यासारखा उभा राहिला. नजर खाली. गाळाचा हात विजारीला पुसला, खिशात घातला आणि चिनी मातीचे तीन पांढरे फ्यूज बाहेर काढले. "चिडू नगंस, पोरी."

मुस्कान बघतच राहिली. मदिनाचं रडणं थांबलं. तिनं फ्यूजकडं बघितलं, मग नवऱ्याच्या खिशाकडं. "म्हंजे ह्ये हाय व्हय खिसं फाडणारं!" ती म्हणाली.

"कवापासनं?" मुस्काननं विचारलं.

"पयल्या दिवसापासनं." नबीलालचा आवाज फार खाली गेला होता. "तुझी पाटी वाचायचो, मोबाईलवर कुलूप घालायचो, आणि मग हात आपोआप फ्यूजकडं जायाचा. तीस वर्साची खोड. तुला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं. तू एवढं जीव लावून केलंतंस. म्हटलं, कळाया नगं."

"आणि कसम?"

नबीलालनं एकदम मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यात भीती होती. अशी भीती की सकाळपासून मुस्काननं भोगली ती तिच्यापुढं कोवळी वाटावी. "त्येच तर. तुझ्या डोक्यावर हात ठेवलावता मी. मोटरीवर बसलो की जीव वाचवाया फ्यूज काढायचो, आणि काढले की जीव नुसता खाली-वर. तुझी कसम मोडली, आता तुला काय व्हईल? गाडीवरनं जातीस, तिकडं शहरात एकली र्‍हातीस. काम झालं की पयला तुला फोन लावायचो."

मुस्कानला ते फोन आठवले. गेल्या आठ महिन्यांत कधी आठवड्यातून एक, कधी तीन. भर दुपारी, कधी मीटिंगमध्ये, कधी जेवताना. दर वेळी एकच प्रश्न, आणि उत्तर ऐकलं की "बरं बरं" म्हणून ठेवून द्यायचे. ती वैतागायची. स्नेहलला म्हणायची, आमच्या अब्बांना दुसरं कामच नाही बघ. एकदा तर तिनं सुनावलं होतं, अब्बा, मला काय होतंय, उगंच सारखा फोन करू नका. त्यावरही ते "बरं बरं" म्हणाले होते, आणि चार दिवसांनी पुन्हा केला होता.

ती पाटात उतरली. त्याचे दोन्ही हात, फ्यूजसकट, तिनं आपल्या हातांत घट्ट धरले. तिला बोलायचं होतं, पण तोंडातून फक्त रडणं आलं, मोठ्यानं, लहान असताना रडायची तसं. नबीलालला ते बघवेना. त्यानं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग तो तसाच, गाळात उभा राहून, तिच्या डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवून, दर वेळी फोनवर विचारायचा तेच विचारू लागला.

"बरी हाईस न्हवं?"